घंटीची टोपी

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पोस्टकार्डापेक्षा मोठं काही लिहिलेलं नाही, आणि पोस्टकार्डाचीही अर्धी जागा सगळ्यांना नमस्कार सांगण्यातच जायची. त्यातून माझं मराठी बीदरकडचं, पुढे हैदराबादेत वाढलेलं. लिहिताना मध्येच 'हौ' आणि 'नक्को' येऊन बसतात. ज्यांच्याविषयी लिहायचं ते सर आज असते, तर त्यांनी आधी विचारलं असतं, माझ्याविषयी लिहिण्याची परवानगी मागणारा अर्ज कुठे आहे? तो अर्ज आता मी कुणाला देणार? म्हणून वाचकांचीच माफी मागतो आणि जमेल तसं सांगतो.

सर मला शिकवायला नव्हते. ते माझे घरमालक होते. चिक्कडपल्लीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन मजली घर होतं. कोर्टात भाषांतरकार म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. उर्दूतले जुने निकाल ते इंग्रजीत करत. गल्लीतले लोक त्यांना 'वकीलसाब' म्हणायचे. "मी वकील नाही," असं ते प्रत्येकाला सांगायचे, आणि ते सांगायला वकिलासारखा अर्धा तास घ्यायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांना एकच विषय उरला होता. जगात माणसांनी एकमेकांचा देव कधी, कुठे आणि कोणत्या कागदावर चालवून घेतला? यावर ते पुस्तक लिहीत होते. त्याचं पहिलं वाक्य माझ्या तीन वर्षांत चार वेळा बदललं. दुसरं वाक्य मी कधी पाहिलं नाही.

पुस्तक पुढे सरकत नसलं तरी घर हाताशी होतं. ऑस्ट्रिया-फ्रान्सच्या जुन्या राजांनी धर्माबाबत राज्यात जे केलं, ते सर सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगायचे आणि घरात करून बघायचे. ते फर्मानं काढायचे. प्रत्येक फर्मानाला क्रमांक, खाली शिक्का, आणि जिन्यात उभं राहून मोठ्यानं वाचन. शिक्के दोन होते. जांभळ्यावर 'सहन केले' आणि लालवर 'हक्क आहे'.

"सहन करणं ही मेहेरबानी असते," सर म्हणायचे. "आज केली, उद्या नाही. हक्क म्हणजे मला आवडो न आवडो, तुझा तुझ्यापाशी."

लाल शिक्का मात्र ते फार जपून वापरायचे. मी राहायला आलो तेव्हा बावीस फर्मानं चालू होती. त्यातलं एकच लाल होतं, ते पहिलं: प्रत्येक भाडेकरूला आपल्या खोलीत आपला देव ठेवण्याचा, किंवा न ठेवण्याचा, हक्क आहे.

खोली बघायला गेलो तेव्हा मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो, अंगात मामाचा शर्ट होता. सरांनी विचारलं, "धर्म कोणता?"

"हिंदू."

"हे मी विचारलं नाही असं समज. मला तो अधिकार नाही."

"बरं."

"पण विचारल्याशिवाय अधिकार नाही हे सांगणार कसं?"

मी मान डोलावली. त्यांनी एक छापील कागद पुढे केला. वर लिहिलं होतं, 'मला सहन न होणाऱ्या गोष्टी', आणि खाली तीन रिकाम्या ओळी. खोली जाऊ नये म्हणून मी पटकन लिहिलं, 'काही नाही'.

सरांनी चष्मा काढला. "काही नाही म्हणणारा माणूस एक तर खोटं बोलतो, नाहीतर झोपलेला असतो. ज्याला काही खुपतच नाही, तो सहन काय करणार? नीट लिही."

मी घाबरून लिहिलं, 'कारल्याची भाजी'.

"हे ठीक आहे," सर म्हणाले आणि वरच्या मजल्यावरची, जिन्यासमोरची खोली मला मिळाली. त्या आठवड्यापासून दर गुरुवारी शेजारच्या सरांच्या घरातून माझ्यासाठी एक वाटी कारल्याची भाजी यायची. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, वाटी ठेवताना म्हणायच्या, "माझ्यावर राग धरू नको रे बाबा. सरावासाठी आहे म्हणे."

तळमजल्यावर पुढे मास्टरांचं शिलाईचं दुकान होतं. मास्टर पाच वेळा नमाज पढायचे आणि उरलेला वेळ मशीन चालवायचे. त्यांच्या मागच्या खोलीत एक सिस्टर राहायच्या, दवाखान्यातल्या नर्स, गुंटूरकडच्या ख्रिस्ती. पहाटे ड्यूटीवरून येऊन त्या तेलुगू भजनं म्हणायच्या. त्यांच्या सुक्या मासळीवर सरांनी फर्मान क्रमांक सतरा काढलं होतं. मासळी गच्चीवर तळावी, पण वारा बेगम बाजाराकडे वाहत असेल तेव्हाच. त्यासाठी अँटेनाला मास्टरांच्या दुकानातली हिरवी लेस बांधली होती. "बेगम बाजारात मिरचीचा इतका खकाणा असतो," सर म्हणायचे, "की तिथे कुणाला काही कळणार नाही." सिस्टर हातात तवा घेऊन त्या लेसकडे बघत अर्धा अर्धा तास उभ्या राहायच्या. सरांना स्वतःला त्या वासानं मळमळायचं. तरी फर्मान त्यांनी कधी मागे घेतलं नाही. फक्त तेवढा वेळ गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहायचे.

तेव्हा केबल नुकती येत होती. केबलवाला तारेचं भेंडोळं खांद्यावर टाकून आला आणि म्हणाला, "साब, पंदरा चॅनलां आते. दिनभर चलते." सरांनी त्याला बसवून घेतलं, पाणी दिलं आणि नवीन पंथ म्हणून अर्ज भरायला लावला. "प्रसाराचा हक्क तुला आहे," ते म्हणाले, "पण माझ्या भिंतीला भोक पाडून नाही." केबलवाला अर्ज अर्धवट टाकून गेला आणि समोरच्या घराला तार जोडली. मग मी आणि मास्टर खिडकीतून समोरच्यांचा टीव्ही बघायचो. आवाज येत नसे, पण चॅनल पंधराच्या पंधरा दिसायचे.

आता मुद्द्याची गोष्ट. सगळ्यांच्या देवांसाठी कागद काढणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात देव नव्हता. सर नास्तिक होते म्हणून नव्हे. त्यांचा मुद्दा वेगळा होता.

"मालकाचा देव घरात बसला," ते म्हणायचे, "की बाकीच्यांचे देव पाहुणे होतात. मालकाला धर्म नसावा. राजालाही नसावा."

मला हे ऐकून फार मोठं काहीतरी कळल्यासारखं वाटायचं. गावी आईला पत्रात कळवलंही होतं. आईनं उलट विचारलं, "मग त्यांची बायको काय करते?"

आईनं शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण प्रश्न बरोबर होता. बायको जे करायची ते माझ्या पलंगाखाली करायची.

मी राहायला येऊन महिना झाला असेल. काकू आल्या, दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझ्या पलंगाखालच्या ट्रंकेत जागा आहे का?" पदराखाली एक डबा होता. त्यात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, तुळजापूरच्या देवीचा टाक आणि एक पितळी घंटी. लग्नात त्यांच्या आईनं दिलेले देव. "यांच्या पहिल्या फर्मानात तुला देव ठेवायचा हक्क आहे," काकू म्हणाल्या. "मला नाही. कुणी विचारलं तर तुझे म्हण."

सर रोज नऊ ते अकरा लायब्ररीत पेपर वाचायला जायचे. मी कॉलेजला. तेवढ्यात काकू माझ्या खोलीत पूजा करायच्या. घंटी वाजून चालणार नव्हतं, म्हणून मास्टरांनी तिच्या लोलकाला मखमलीची एक छोटी टोपी शिवून दिली होती, नाडीसकट. वातींचा कापूस सिस्टर दवाखान्यातून आणायच्या. म्हणजे सर सोडून सगळ्या घराला ठाऊक होतं. मला मात्र रोज भीती वाटायची. खोली गेली तर शिक्षण गेलं, हे एक. आणि खोटं बोलायची वेळ आली तर सरांच्या तोंडावर मला ते जमणार नाही, हे दुसरं.

दुसऱ्या वर्षी थंडीत जुन्या शहरात काहीतरी झालं आणि कर्फ्यू लागला. आमच्या भागातही. लायब्ररी बंद, कॉलेज बंद. गल्ली इतकी शांत की मास्टरांच्या मशीनचा आवाजही मोठा वाटायचा. मास्टरांनी तो घाबरून कमी केला होता, म्हणजे मशीन हळू चालवायचे. सरांनी आपली वेताची खुर्ची जिन्याच्या वरच्या पायरीपाशी मांडली, कारण तिथल्या जाळीतून रस्ता दिसायचा. ती जागा बरोबर माझ्या दारासमोर होती.

पहिल्या दिवशी सर खुर्चीवरून उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. आंघोळीला गेले तर चार मिनिटांत परत. काकू दोनदा पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या दारापर्यंत आल्या आणि परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सिस्टरनं मला जिन्याखाली ओढलं. "ओ बाबू, अम्मा खाना नै खा रही, मालूम?"

"तब्येत बरी नसेल."

"तब्येत नै. पूजा नै हुई. पूजा नै तो खाना नै. दो दिन से खाली चाय पे है. शुगर की पेशंट है वो." मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "ट्रंक किसका है?"

"माझा."

"तो कुछ करो."

रात्रभर विचार करून मला एकच सुचलं. सकाळी मी सरांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, ते ऑस्ट्रियाच्या बादशहाचं परत एकदा सांगाल का? गच्चीवर, उन्हात बसून?"

सर माझ्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत आपणहून त्यांना कुणी हे विचारलं नव्हतं. ते उठले आणि शर्टाचं वरचं बटण लावलं. गच्चीवर गेल्यावर खालून एक पोलीस ओरडला, "साब, अंदर बैठो." सर कठड्याशी जाऊन म्हणाले, "कौनसी दफा में?" पोलीस जरा वेळ विचार करून पुढे निघून गेला.

"तर," सर म्हणाले, "बादशहानं फर्मान काढलं. वेगळ्या पंथाच्या लोकांना प्रार्थनाघर बांधू दिलं. पण अटी काय? मनोरा नको. घंटा नको. रस्त्याच्या बाजूनं दार नको."

"मग बाहेरच्याला कळायचं कसं, आत देव आहे म्हणून?"

"कळूच नये, म्हणून तर अटी. दुसऱ्या एका देशात लोक घराच्या माळ्यावर, मागच्या खोलीत लपून प्रार्थना करायचे. शेजाऱ्यांना ठाऊक असायचं. सरकार ठाऊक नसल्यासारखं करायचं."

मला पलंगाखालची ट्रंक आठवली. तरी विचारलं, "पण सर, ते काही नसण्यापेक्षा बरंच ना?"

"बरं?" सर म्हणाले. "ज्याच्या देवाला आवाज करायची चोरी, त्या माणसाचा तो अपमान आहे. मुकी घंटा हातात धरून बघ एकदा, म्हणजे कळेल." आणि लगेच उठले. "थांब, तो उतारा वाचूनच दाखवतो. बादशहाचं ते पुस्तक मी तुला वाचायला दिलं होतं, तुझ्या खोलीत आहे ना?"

"मी आणतो, सर."

"तुला पान सापडणार नाही."

मी त्यांच्या मागे धावलो, पण जिना अरुंद होता आणि सर मधोमध चालायचे.

माझ्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. काकू जमिनीवर बसल्या होत्या, समोर ट्रंक उघडी, ट्रंकेच्या झाकणात देव मांडलेले, उजव्या हातात घंटी. त्या घंटी हलवत होत्या आणि काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

सर दारात उभे राहिले. घंटीकडे बोट करून म्हणाले, "ही वाजत का नाही?"

"टोपी घातलीय," काकू म्हणाल्या.

"टोपी कुणी शिवली?"

खाली मास्टरांची मशीन बंद झाली.

सर माझ्याकडे वळले. "हे देव कुणाचे?"

मी तोंड उघडलं. 'माझे' एवढंच म्हणायचं होतं. गावाकडचं घर, मामाचा शर्ट, कॉलेजची फी, सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि मी काकूंकडे बघितलं.

"माझे," काकू म्हणाल्या. "त्याला विचारू नका, त्याला खोटं बोलता येत नाही. आणि पाच मिनिटं थांबा, नैवेद्य राहिलाय."

सर पाच मिनिटं थांबले. काकूंनी गूळ ठेवला, डोळे मिटले, नमस्कार केला आणि तो खडा तोंडात टाकला. तेव्हा सरांच्या काहीतरी लक्षात आलं.

"तू दोन दिवस जेवली नाहीस ते..."

"पूजेशिवाय मी जेवत नाही. लग्न झाल्यापासून."

"मला कसं ठाऊक नाही?"

"तुम्ही लायब्ररीत असता."

सर माझ्या पलंगावर बसले. "याच्या आधी कुठे ठेवायचीस?"

"याच्या आधी तो वरंगलचा पोरगा होता ना, त्याच्याकडे. त्याच्या आधी युनियनवाल्याकडे."

"तो तर कम्युनिस्ट होता."

"त्याची ट्रंक सगळ्यात मोठी होती."

एव्हाना मास्टर आणि सिस्टर जिन्यात येऊन उभे होते. मास्टर हळूच म्हणाले, "साब, टोपी मेरी गलती. कपडा बचा था."

सरांनी हात वर केला. कोर्टात पुष्कळ वर्षं काढलेल्या माणसाला सुनावणीशिवाय पुढे जाता येत नव्हतं. "प्रश्न देवांचा नाही," ते म्हणाले. "प्रश्न पद्धतीचा आहे. अर्ज का केला नाहीस?"

"तीस वर्षं तुम्हाला वाढतेय," काकू म्हणाल्या. "कधी भाकरीला अर्ज मागितला का मी?"

सिस्टर खोकल्या.

"मालकाच्या घरात देव नको," सर म्हणाले. "हे तत्त्व आहे. तुला ठाऊक आहे ते."

"हौ, पाठ आहे मला. भिंतीला कान लावायची गरजच पडली नाही कधी." काकू उठल्या, पदर खोचला. "घर कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या."

"माझं नाव आहे का कागदावर कुठे?"

"नाही."

"मग मालक तुम्ही. मी कोण? मी या घरात राहते, स्वयंपाकाच्या बदल्यात राहते. म्हणजे भाडेकरूच की. तुमचं पहिलं फर्मान भाडेकरूला आहे ना? मग मला का नाही?"

  सर पलंगावरून उठून आपल्या घरात गेले. मला वाटलं, आता माझं सामान बाहेर काढायचं सांगणार. पण ते कागद, दौत आणि शिक्क्यांचा डबा घेऊन आले आणि माझ्या टेबलावर बसून लिहू लागले. लिहिताना त्यांचे कान लाल झाले होते.

फर्मान क्रमांक एकेचाळीस. वरच्या मजल्यावरील भाडेकरूस पूर्वेकडील कोनाडा देण्यात येत आहे. देवांचे स्नान रोज व्हावे. घंटी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, अकरा ठोके, टोपीशिवाय.

त्यांनी सवयीनं जांभळा शिक्का उचलला. काकू म्हणाल्या, "तो नको. लाल."

सरांनी शिक्का बदलला.

"आणि एक कलम घाला," काकू म्हणाल्या. "माझ्या सहीशिवाय हे रद्द होणार नाही."

"ते कशाला?"

"तुमचा तो फ्रान्सचा राजा. आजोबानं फर्मान दिलं आणि नातवानं काढून घेतलं. तीस वर्षं ऐकतेय."

"आपल्याला नातू कुठे आहे?"

"तुम्ही आहात की. उद्या डोकं फिरलं तर?"

सरांनी कलम घातलं. साक्षीदार म्हणून मास्टरांनी उर्दूत, सिस्टरनं तेलुगूत आणि मी मराठीत सही केली. कायद्याच्या कागदावरची ती माझी पहिली सही. मग मास्टरांनी नाडी सोडून घंटीची टोपी काढली आणि खिशात घातली. त्या दिवशी काकू दुपारी जेवल्या. सर समोर बसून त्या प्रत्येक घास घेतात की नाही ते बघत होते.

सरांची मतं बदलली नाहीत. रोज सकाळी सहा चाळीसला ते हातात घड्याळ घेऊन दाराशी उभे राहायचे आणि ठोके मोजायचे. एकदा दारावर कागद लागला: 'काल बारा झाले. खुलासा करावा.' काकूंनी त्याच कागदावर खाली लिहिलं, 'एक तुमच्यासाठी.' गुरुवारची कारल्याची भाजी मात्र माझ्यामागे शेवटपर्यंत होती.

मी बी.ए. झालो, संध्याकाळी कॉम्प्युटरचा क्लास केला आणि पुण्याला नोकरीला लागलो. काही वर्षांनी सरांचं कार्ड आलं. तीन ओळी होत्या. 'फर्मान क्र. ४१ची लाभार्थी गेली. फर्मान चालू आहे. रद्द करण्यास तिची सही लागते, ती आता मिळण्यासारखी नाही.' मी सांत्वनाचं पत्र लिहिलं. ते कसं लिहितात मला ठाऊक नव्हतं, कुणाला तरी विचारून लिहिलं. 'फर्मान चालू आहे' म्हणजे काय, हे मात्र मी कुणाला विचारलं नाही.

नंतर माझी घरं बदलली, फोन बदलले. मागच्या महिन्यात मास्टरांचा फोन आला. माझा नंबर शोधायला त्यांना पाच महिने लागले होते.

"साब गुजर गए," ते म्हणाले.

 कसे, कधी, एवढंच मी विचारलं.

मास्टर म्हणाले की काकू गेल्यापासून सर रोज सकाळी कोनाड्यापुढे उभे राहायचे, पॅंट-शर्टात, पायात मोजे. देवांना आंघोळ घालायचे. मंत्र येत नव्हते, म्हणून फर्मान क्रमांक एकेचाळीस देवांना पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवायचे. मग घंटी.

"मानने लगे थे क्या?" मी विचारलं.

"नै नै. मैं भी पूछा था. बोले, मास्टर, मेरे मानने का सवाल नै है, उसका हक है." मग म्हणाले, "उस दिन मैं मशीन पे बैठा था. छे चालीस हो गए, घंटी नै बजी. पावणे सात हो गए. मैं सोचा, साब का घड्याळ बंद पड़ा होगा. फिर कैंची रखा और ऊपर गया."